कप्तानाच्या घरची पफी

बबीच्या बाबांनी जन्मभर जिला पफी म्हटलं, तिला बबी ओटोमन म्हणायची. वस्तू एकच. पाठ नाही, हात नाहीत, आत भरगच्च गादी आणि खाली बुटके पाय. पण बाबा कारखान्यात "गुरुवारी दोन पफ्या द्यायच्यात" म्हणायचे, तेव्हा त्या शब्दाला काथ्याचा, सरसाचा आणि रेक्झिनचा वास यायचा. तो वास बबीला आपल्या कामात नको होता.

बबीचं काम लोकांची घरं लावून देण्याचं. नवं घर घेतलेली, नाहीतर जुन्याला कंटाळलेली माणसं तिला बोलवायची. ती दारातच उभी राहून पाच मिनिटं नुसती बघायची, कुणाशी बोलायची नाही. मग म्हणायची, "ही खुर्ची खिडकीकडे जाऊ दे, आणि ते कपाट मुळात इथे आलंच कशाला?" संध्याकाळपर्यंत तेच घर, तेच सामान, पण माणसांना वाटायचं की आपण आत्ता कुठे इथे राहायला आलो. तिच्या हाताला तो गुण होता, यात वाद नाही. कामाच्या ठिकाणी सगळे तिला मॅडम म्हणायचे. बबी हे नाव माहेरापुरतं उरलं होतं, आणि तेही चारचौघांत कुणी घेतलं नाही तर तिला बरं वाटायचं.

तिच्या स्वतःच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एक गोल ओटोमन होता. मोहरीच्या रंगाची मखमल, पाकळ्यांसारख्या कापलेल्या आठ कळ्या एकमेकींना जोडून मधोमध एक मोठं बटण. सकाळी त्यावर लाकडी ट्रे ठेवला की चहाचं टेबल व्हायचं. दुपारी ट्रे उचलला की पाय ठेवायला जागा. पाहुणे वाढले की एक बैठक वाढली. थंडीत ती त्याला पलंगाच्या पायथ्याशी न्यायची आणि जाड पांघरूण घडी करून त्यावर टाकायची, म्हणजे खोली भरल्यासारखी दिसायची. या एका वस्तूचे तिने इतके फोटो काढले होते की नवरा म्हणायचा, माझे एवढे काढले असतेस तर मीही सुंदर दिसलो असतो.

ती पफी बाबांनी शिवली होती. बबी या घरात राहायला आली तेव्हा ते स्वतः ती टेम्पोत घालून, जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आले. जिना चढून वर आणली, खिडकीपाशी ठेवली आणि म्हणाले, "बस बघू."

बबी बसली.

"बुडतेस का?"

"नाही."

"मग झालं," म्हणाले, आणि चादर घडी करून परत घेऊन गेले.

खोटं बोलायचं असं बबीने काही ठरवलं नव्हतं. तिचं पहिलं मोठं काम एका डॉक्टरीणबाईंच्या घराचं होतं. त्या बाई एकदा रंगांचे नमुने बघायला बबीकडे आल्या आणि पफीवर हात फिरवून म्हणाल्या, "किती छान आहे. कुठून आणलीत?" बबीने तोंड उघडलं. पण त्याच सकाळी तिने बाईंच्या घरी सोफ्याचं कापड बदलायला आलेली माणसं पाहिली होती. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये फरशीवर बसून जुने खिळे उपटत होती, आणि बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, "आत येताना पाय पुसून या, आणि भिंतीला हात लावू नका." ते आठवलं आणि 'बाबांनी शिवली' हे म्हणायचं बबीने टाळलं. ती म्हणाली, "एका जुन्या घराचं सामान निघालं होतं, त्यात मिळाली."

"तरीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या एका 'तरीच'ने घात केला. बबीला तो शब्द इतका गोड लागला की पुढच्या वेळी कुणी विचारलं तेव्हा ते जुनं घर एका जहाजाच्या कप्तानाचं झालं. त्याच्या पुढच्या वेळी कप्तानाला बायको आली. ती म्हणे खिडकीत बसून, या ओटोमनवर पाय ठेवून, समुद्राकडे बघायची. मग एका चौकस गिऱ्हाइकाने विचारलं की आठांतली ही एक कळी बाकीच्यांपेक्षा गडद का. बबीने याआधी ते नीटसं पाहिलंही नव्हतं. पण ती अडली नाही. म्हणाली, "खिडकीतून ऊन यायचं ना. सात विटल्या. ही भिंतीकडे होती, ती तशीच राहिली." हे ऐकून नवऱ्याला चहाचा ठसका लागला. माणसं गेल्यावर तो म्हणाला, "कप्तानाला पेन्शन तरी सुरू कर आता." आणि तिचा चेहरा बघून पुढे म्हणाला, "चालतं गं. धंद्यात एवढं चालतं."

सात वर्षं चाललं. बाबा तिच्या घरी क्वचित यायचे, आले तरी अर्ध्या तासात उठायचे. त्यांच्या कानावर हे जाईल असं तिला कधी वाटलं नाही. खरं म्हणजे तिने तो विचारच केला नाही.

मग फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाने तिला बोलावलं. दुकानात शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांसाठी कार्यक्रम असायचे. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, 'एक ओटोमन, सात उपयोग' असं ठेवू. आणि तुमचा तो कप्तानाचा आणाल का? लोकांना असलं काही आवडतं." बबीने होकार दिला. मॅनेजरने काचेवर तिचा फोटो लावला आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलं, 'कप्तानाच्या घरातली दुर्मिळ वस्तू प्रत्यक्ष पाहा'.

तो फोटो आत्याने बघितला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबांच्याच शेजारी राहायची, कानाने थोडी कमी, म्हणून आवाजाने भरपूर. बबीचा फोटो एवढ्या मोठ्या काचेवर लागलेला बघून तिला कोण आनंद झाला. बाकीचं तिने वाचलंच नाही. घरी जाऊन भावाला म्हणाली, "शनिवारी इस्त्रीचा शर्ट काढ. पोरीला न सांगता जाऊ या."

बबीला ती दोघं दिसली तेव्हा मॅनेजर तिची ओळख करून देत होता. तिसऱ्या रांगेत, कडेच्या दोन खुर्च्यांवर. आत्या मान उंच करून हसत होती. बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, फोटोला बसल्यासारखे, आणि ते बबीकडे नाही, तिच्या शेजारी उंच चौथऱ्यावर ठेवलेल्या पफीकडे बघत होते.

बबी काय बोलायचं ते विसरली. पण तोंड सरावाचं होतं, ते चालू राहिलं. तिने एकेक उपयोग दाखवायला सुरुवात केली. ट्रे ठेवायचा तर तो वरच्या गादीपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान हवा, नाहीतर कुणाचा तरी गुडघा लागून कप पडणार. अरुंद खोलीत एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या, भिंतीशी सरकवता येतात. आत सामान ठेवायचा प्रकार घेतलात तर त्यात रोज लागणारी वस्तू ठेवू नका, कारण दर वेळी बसलेल्या माणसाला उठवावं लागतं आणि तो माणूस नेमका सासराच असतो. लोक हसले. उंची सोफ्याच्या बैठकीपेक्षा दोन बोटं कमी. रंग खोलीतल्या सगळ्यात लहान वस्तूवरून उचला, पडद्यावरून नको.

बोलताना तिचं अर्धं मन हिशेब करत होतं की अजून पाच उपयोग आहेत, अजून चार आहेत, तोवर काहीतरी सुचेल. कप्तानाला आज गाळता येईल. किंवा सरळ म्हणता येईल, की तिसऱ्या रांगेत बसलेत त्यांनी ही शिवली. एवढंच वाक्य. आठ शब्दही नाहीत. सातवा उपयोग संपला आणि मॅनेजर पुढे होऊन म्हणाला, "आणि आता मॅडम, आमच्या कप्तानाची गोष्ट." टाळ्या पडल्या. बबीने ती ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, खिडकी, बायको, समुद्र, सगळं. उन्हाने विटलेल्या सात कळ्याही सांगितल्या. फक्त तिसऱ्या रांगेच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही.

गोष्ट संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. मागाहून कळलं की त्या एका वाचनालयात ग्रंथपाल होत्या. आवाज शांत, पण प्रश्न नेमका. "ही ऐंशी वर्षांपूर्वीची आहे असं तुम्ही म्हणता. ते कशावरून?"

बबीने "म्हणजे..." अशी सुरुवात केली. तेवढ्यात मागून आत्याचा खणखणीत आवाज आला, "अगं पण ही तर आपल्या—"

तिचं वाक्य पुरं झालं नाही. बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला होता, आणि ते स्वतः उभे राहिले होते. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी सोफ्यांचं काम केलंय चाळीस वर्षं," बाबा ग्रंथपाल बाईंना म्हणाले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती, आवाज बारीक झाला होता. "आत स्प्रिंगा असणार, सुतळीनं आठ ठिकाणी बांधलेल्या. हल्ली नुसता फोम घालतात. हिचं काम जुन्या पद्धतीचं आहे, ते लांबूनही कळतं." थोडं थांबून ते म्हणाले, "मॅडम सांगतायत ते बरोबर असेल."

आणि खाली बसले.

बाईंचं समाधान झालं. मॅनेजर खूश होऊन म्हणाला, "वा, जाणकाराचीच साक्ष मिळाली." आता सगळे बबीकडे बघत होते, तिने काहीतरी म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "धन्यवाद, काका."

काका. हा शब्द आपल्या तोंडून कसा गेला, हे तिला पुढे कधीही नीट सांगता आलं नाही. तो गेला एवढं खरं. बाबांनी मान हलवली, जसं कुठलेही काका हलवतील.

कार्यक्रमानंतर चहा होता. माणसांनी तिला गराडा घातला. त्यातून ती कशीबशी बाहेर आली तोवर तिसरी रांग रिकामी झाली होती. दुकानाच्या काचेतून तिला दोघं रस्ता ओलांडताना दिसली. आत्या हातवारे करून काहीतरी बोलत होती आणि बाबा तिचा हात धरून गाड्यांकडे बघत होते.

पुढचे चार दिवस बबी मेल्याहून मेल्यासारखी होती. फोन हातात घ्यायची, बाबांचं नाव काढायची आणि ठेवून द्यायची. काय बोलणार? पफी परत आणून जागेवर ठेवली होती, पण तिच्यावर ट्रे ठेवायचा धीर होईना. पाय ठेवणं तर दूरच. नवऱ्याने एकदा सवयीने पाय टाकले, तर ती एकदम "काढ ते" म्हणाली, आणि तो गुमान काढून बसला.

पाचव्या दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे राहायचा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि खुर्चीपुढे पाय ठेवायला त्याला काहीतरी हवं होतं. "नवीन बघितल्या सगळ्या," त्या म्हणाल्या, "दाबल्या की दबतात त्या. मला ते जुन्या पद्धतीचं काम हवंय. तिसऱ्या रांगेत जे काका बोलले, त्यांचा पत्ता मिळेल का तुमच्या दुकानवाल्यांकडून?"

"मी विचारते," बबी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला तिथेच बसावं लागलं. आपल्या बापाचा पत्ता ती दुकानवाल्यांना विचारणार होती.

दुपारी ती कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे दोन दुकानांमधल्या बोळातली एक लांबट खोली. एकेकाळी तिथे पाच माणसं काम करायची, आता बाबा एकटेच, तेही मनात आलं तर. ते एका जेवणाच्या खुर्चीची बैठक ठोकत होते. ओठांत खिळे धरलेले. तिला बघून त्यांनी खिळे तळहातावर काढले.

"ये. चहा घेशील?"

"नको. बाबा, शनिवारी..."

"शनिवारचं राहू दे," ते पटकन म्हणाले. "बोल, काय काढलंस?"

तिने ग्रंथपाल बाईंचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. उंची किती, भावाचं वजन किती, खुर्ची हाताची की बिनहाताची, सगळं विचारून घेतलं. बबीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "बाबा, मी खोटं बोलले."

"ते कळलं मला," बाबा म्हणाले. "बरंच केलंस."

"बरं कसं?"

"दुसरी एखादी असती तर तिनं चारचौघांत बापाची लाज काढली असती," ते म्हणाले, आणि खुर्चीची बैठक बाजूला ठेवली. "ती कळी उलटी लागलीये गं. मखमलीला लव असते, ती एका अंगानं झोपते. सगळ्या कळ्यांची लव वरून खाली यायला हवी. ती एक मी उलटी कापली. म्हणून गडद दिसते. तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू होता, कुणाला बोललो नव्हतो. म्हटलं, एवढं एक काम होऊ दे. इथे दिव्याखाली काही कळलं नाही. तुझ्याकडे खिडकीपाशी ठेवली आणि बघितलं, तर समोरच."

"मला कधीच..."

"ऐक. मी वाट बघत होतो की तू काही बोलशील. बोलली नाहीस. नंतर आलो तेव्हा ती बाजू भिंतीकडे केलेली. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. म्हटलं, पोरगी झाकतेय. एवढं वाईट काम गेलं हातून, लोकांना कसं सांगणार ती की बापानं केलंय. शनिवारी तू ते उन्हाचं सांगितलंस ना, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. किती सांभाळून घेतलंस."

बबी कानकोंडी होऊन उभी राहिली. ती बाजू भिंतीकडे गेली होती ती कोपऱ्यात कुंडी बसवायला पफी सरकवली म्हणून. उलट्या कळीचं तिला आत्ता, या क्षणी कळत होतं. आणि हा माणूस सात वर्षं समजत होता की आपल्या चुकीमुळे आपल्या मुलीला आपलं नाव घेता येत नाही.

गप्प बसता आलं असतं. बाबांनी स्वतःच तिला मोठ्या मनाची ठरवून टाकलं होतं, तिने नुसती मान हलवायची होती. पण मग त्यांचं काम वाईट ठरत होतं. आणि खरं सांगितलं तर काम चांगलं ठरणार होतं, पण त्याहून वाईट काहीतरी त्यांच्या पदरात पडणार होतं. तिने सरसाच्या डब्याचं झाकण नीट बसवलं.

"कळीमुळे नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "काम चांगलंच आहे. मीच सांगत नव्हते."

"का?"

"लाज वाटायची."

"कशाची?"

तिला वाटलं होतं की एवढं पुरेल. पुरलं नाही. "तुम्ही हे काम करता त्याची," ती म्हणाली.

बाबांनी तळहातावरचा एक खिळा उचलला, बैठक परत पुढे ओढून तिच्या कडेला धरला आणि ठोकला. मग दुसरा. तिसरा ठोकून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या त्या मैत्रिणीकडे दिवाण शिवायला आलो होतो, तेव्हाही?"

बबी बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. ती मैत्रिणीबरोबर जिना चढून आली तर बाबा फरशीवर बसलेले, ओठांत खिळे. ती त्यांच्या बाजूने सरळ आत निघून गेली होती. आपण त्यांना दिसलो नाही, अशी तिने इतकी वर्षं समजूत करून घेतली होती.

"मी हाक मारणार होतो," बाबा म्हणाले. "तुझं तोंड बघितलं, आणि खाली बघून काम केलं. तेव्हा लहान होतीस."

आता ती किती वर्षांची आहे, हे ते बोलले नाहीत. चौथा खिळा ओठांत धरून म्हणाले, "बाईंना उंची विचारून कळव." म्हणजे तिने आता जावं.

बोळातून बाहेर येताना तिने ग्रंथपाल बाईंना फोन लावला. थांबलं तर धीर जाईल, हे तिला ठाऊक होतं. तिने सगळं सांगितलं, कप्तान नव्हता, जुनं घर नव्हतं, पफी वडिलांनी शिवलेली आहे.

"म्हणजे ते तुमचे वडील."

"हो."

"आणि तुम्ही त्यांना काका म्हणालात."

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या. "मला पफी हवीच आहे. सोळा इंच उंची लागेल. त्यांना सांगा." आणि फोन ठेवला. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. बबीला दोन्हींपैकी काहीतरी हवं होतं.

मग तिने डॉक्टरीणबाईंनाही फोन केला, कारण सुरुवात तिथून झाली होती. त्या म्हणाल्या, "कुठली पफी? अहो, मला आठवतही नाही." बबी फोन हातात धरून खजील हसली. ज्या 'तरीच'साठी तिने सात वर्षं बाप लपवला, तो म्हणणाऱ्या बाईंच्या लक्षातही नव्हता.

दुकानातला पुढचा कार्यक्रम पंधरा दिवसांनी होता. बबीने मॅनेजरला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आता हे सांगून कुणाचं काय भलं होणार? कप्तान कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." तरीही तिने सुरुवातीलाच सांगितलं, ट्रे वगैरे काही हातात घ्यायच्या आधी. सांगताना तिचे कान तापले, आवाज नको तिथे चिरकला. एक तरुण जोडपं उठून गेलं. एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही बाकीचं सांगता तेही असंच का?" प्रश्न रास्त होता. ती म्हणाली, "बाकीचं करून बघा, आणि मग ठरवा." बाबा आले नव्हते, बोलावूनही. आत्या मात्र आली होती, एकटी, पहिल्या रांगेत, आणि शेजारच्या बाईंना तिच्या मते हळू आवाजात सांगत होती, "मी तेव्हाच बोलणार होते हो. यानं माझं मनगट इतकं दाबलं की दोन दिवस भाकरी थापता आली नाही." सगळ्या दालनाला ते ऐकू गेलं. लोक हसले, बबीही हसली, पण डोळे वर करून नाही. दुकानाने तिला पुन्हा बोलावलं नाही.

बाबा तिच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. ती रोज दुपारी कारखान्यात जायची. पहिले काही दिवस त्यांनी तिला काही सांगितलं नाही, ती नुसती बसायची. मग एकदा सुतळीचं टोक तिच्या हातात देऊन म्हणाले, "ताणून धर." ती धरायची. कधी सैल सुटलं तर ते पुन्हा बांधायचे, बोलायचे नाहीत. शेजारच्या दुकानातल्या माणसाने एकदा विचारलं, "या कोण?" बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं. सांगू का, असं विचारत होते ते. त्या एका नजरेने तिला जेवढी शरम वाटली, तेवढी शनिवारी टाळ्यांतही वाटली नव्हती. "मी मुलगी यांची," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने.

पफी तयार झाली तेव्हा दोघं मिळून ती ग्रंथपाल बाईंकडे घेऊन गेली. हिरवट खादीसारखं जाड कापड होतं, बाईंनीच निवडलेलं. दुसऱ्या मजल्यावर राहायच्या त्या. बबीने एका बाजूने धरली आणि बाबांनी दुसऱ्या, मधल्या वळणावर दोनदा टेकवावी लागली. भाऊ खुर्चीत बसला होता, पाय पुढे एका उपड्या बादलीवर, बादलीवर उशी. पन्नाशीचा, दाढी वाढलेला, दुखण्याने वैतागलेला माणूस.

बाबांनी पुसायचं फडकं खिशात घातलं आणि बाईंना सांगितलं, "दर महिन्याला थोडी फिरवत जा, म्हणजे एकाच जागी खड्डा पडणार नाही. ओलं कापड लावू नका. आणि हिच्यावर बसायचं तर मधोमध बसा, काठावर नको." बाईंनी कागद घेऊन ते लिहून घेतलं. सात उपयोगांत यातलं एकही बबीने कधी सांगितलं नव्हतं, कारण कधी विचारलंच नव्हतं.

"आणि ठेवू कुठे?" बाई म्हणाल्या. "सरळ पुढे, की जरा तिरकी?"

बाबा एक पाऊल मागे सरले. "ते हिला विचारा," ते म्हणाले. "ते हिचं काम."

खोली समोर होती, खुर्ची, खिडकी, पुस्तकांची दोन कपाटं, आणि एरवी आतापर्यंत तिने खुर्ची आणि कपाटं हलवून टाकली असती. आज वाटत होतं की इथे तोंड उघडायचा आपल्याला हक्क आहे का? सगळे वाट बघत होते. ती खुर्चीपाशी जाऊन खाली बसली, फरशीवरच, आणि त्या भावाला विचारलं, "पाय किती वर उचलता येतो तुम्हाला? न दुखता."

त्याने बादलीवरून पाय हळूच उचलून बघितला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "वीतभर."

"मग आधी बादली काढू या," बबी म्हणाली, आणि बाबा पफी उचलायला वाकले.